मेंदूच्या गाठींची ओळख पटविणारा शल्यविशारद : डॉ. हार्वे कुशिंग



घरातल्या एखाद्या माणसाच्या मेंदूत गाठ आहे असे डॉक्टरांनी सांगितले की त्या घरावर जणू आकाशच कोसळते. गाठ म्हणजे कॅन्सर, आणि मेंदूतली गाठ म्हणजे सर्व काही संपले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. काही घरांत ही गोष्ट शेजाऱ्यांपासून लपविली जाते. काही ठिकाणी रुग्णाला बाहेरची बाधा झाली असे समजून महिनेच्या महिने ताईत, धागेदोरे आणि उतारे यांतच जातात. अशा वेळी फार थोड्यांच्या मनात एक साधा प्रश्न येतो. तो प्रश्न असा की, ही गाठ आहे तरी कोणत्या जातीची?

हाच प्रश्न एका माणसाने आयुष्यभर विचारला. एकदोनदा नव्हे, तर दोन हजारांहून अधिक वेळा विचारला आणि प्रत्येक वेळी उत्तर वहीत लिहून ठेवले. मेंदूतील गाठी एकाच प्रकारच्या नसतात, काही जीवघेण्या असतात, तर काही काढून टाकल्या की माणूस पुढे वर्षानुवर्षे सुखाने जगतो, हे जगाला ज्यांच्या परिश्रमांमुळे स्पष्टपणे कळले त्यांत अमेरिकेचे डॉ. हार्वे कुशिंग यांचे स्थान सर्वांत वरचे आहे. त्यांचे चरित्र आपल्या मुलांनी वाचावे आणि त्यातून पालकांनाही या रोगाची थोडी ओळख व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

बालपण आणि शिक्षण

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा असे तिघेही डॉक्टर होते. म्हणजे वैद्यकी त्यांच्या घरी पिढीजातच होती. तरीही लहानपणी त्यांच्यात काही अलौकिक तेज दिसत होते असे मात्र नाही. येल विद्यापीठात शिकत असताना त्यांना बेसबॉल खेळण्याची मोठी हौस होती. हात मात्र कसबी होता आणि चित्रकला उत्तम होती. ही चित्रकला पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. १८९१ साली पदवी घेऊन ते बोस्टन येथील हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १८९५ साली डॉक्टर झाले.

विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी ईथर हुंगवून भूल देत असत आणि हे काम बहुधा विद्यार्थ्यांवरच सोपविलेले असे. तरुण कुशिंग यांना एका रुग्णाला भूल द्यायला सांगण्यात आले आणि तो रुग्ण शस्त्रक्रियेच्या खोलीतच दगावला. हा धक्का एवढा जबर होता की वैद्यकीय शिक्षण सोडून द्यावे असे त्यांच्या मनात आले. त्यांनी चौकशी केली, तेव्हा असे मृत्यू अधूनमधून होतच असतात आणि त्याचे कोणाला विशेष काही वाटत नाही, असे त्यांना आढळले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबा. आपल्या हातून एखादे काम बिघडले की आपण काय करतो? एक तर दैवाला दोष देतो, नाही तर ते काम सोडून देतो. कुशिंग यांनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. एर्नेस्ट कॉडमन नावाच्या आपल्या सहाध्यायाबरोबर त्यांनी एक साधा कागद तयार केला. भूल दिलेल्या रुग्णाची नाडी किती, श्वास किती, हे शस्त्रक्रिया चालू असताना ठरावीक अंतराने त्या कागदावर टिपायचे, म्हणजे रुग्णाची प्रकृती ढासळू लागली की ते वेळीच लक्षात येईल. १८९४ साली सुरू झालेली ही पद्धत आज जगातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात वेगवेगळ्या रूपांत पाळली जाते. एका दुःखद मृत्यूतून पुढच्या लक्षावधी रुग्णांचे रक्षण करणारी गोष्ट जन्माला आली.

गुरूंच्या सहवासात

पुढे १८९६ साली कुशिंग बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांच्या हाताखाली काम करू लागले. शस्त्रक्रिया घाईने करू नये, रक्तस्राव होऊ देऊ नये आणि शरीराच्या प्रत्येक भागाला हळुवार हात लावावा, हा हॅल्स्टेड यांचा दंडक होता. त्याच रुग्णालयात डॉ. विल्यम ऑस्लर हे थोर वैद्य होते. त्यांचा कुशिंग यांच्यावर पुत्रवत लोभ जडला. ऑस्लर यांच्यामुळेच त्यांना जुन्या वैद्यकीय ग्रंथांची गोडी लागली.

१९०० साली ते युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे डॉ. थिओडोर कोखर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला. मेंदूवरचा दाब वाढला की शरीरात काय घडते, हे त्यांनी प्राण्यांवर तपासले. दाब वाढताच शरीराचा रक्तदाबही वर चढतो, म्हणजे मेंदूला रक्त मिळावे म्हणून शरीर धडपड करते, असे त्यांना दिसून आले. रक्तदाब वाढणे, नाडी मंद होणे आणि श्वास अनियमित होणे ही धोक्याची खूण आजही डॉक्टर त्यांच्याच नावाने ओळखतात. परत येताना १९०१ साली इटलीतील पाविया येथे त्यांनी रिवा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिले आणि ते अमेरिकेत नेले. डॉक्टर आपल्या दंडाला पट्टी बांधून रक्तदाब मोजतात, ती पद्धत अमेरिकेत रूढ करण्यात कुशिंग यांचा मोठा वाटा आहे.

मेंदूची शस्त्रक्रिया : एक निराशेचे क्षेत्र

कवटीला हात घालण्याची विद्या तशी जुनी आहे. दहाव्या शतकात अंदलुस म्हणजे मुस्लिम स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ होऊन गेलेले अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या ‘अत्-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला वाहिला होता. त्यात कवटीच्या जखमांचे विवेचन आणि हत्यारांच्या आकृत्या होत्या. लॅटिन भाषेत गेलेला हा ग्रंथ युरोपातील वैद्य कित्येक शतके वापरत होते. परंतु मेंदूच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठीपर्यंत पोहोचणे ही अगदी निराळी गोष्ट होती. १८८४ साली लंडनमध्ये डॉ. रिकमन गॉडली यांनी केवळ लक्षणांवरून ओळखलेली मेंदूतील गाठ बाहेर काढली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण जंतुसंसर्ग होऊन रुग्ण महिनाभरात मरण पावला. कुशिंग यांनी या कामाला हात घातला तेव्हा परिस्थिती साधारण अशीच होती. एवढा धोका पत्करायला बहुतेक शल्यविशारद तयार नसत.

कुशिंग यांचेही सुरुवातीचे अनुभव आशादायक नव्हते. १९०१ साली त्यांच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आली. तिचे डोके दुखत होते, दृष्टी जात चालली होती आणि वयाच्या मानाने शरीराची वाढ झाली नव्हती. त्यांनी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केली, पण गाठ सापडली नाही. मुलगी वारली. नंतरच्या तपासणीत गाठ मेंदूच्या तळाशी, पीयूषिका म्हणजे पिच्युइटरी ग्रंथीजवळ निघाली. आपण भलत्याच जागी शोधत होतो, हे कुशिंग यांनी लपविले नाही. उलट ही वाटाण्याएवढी ग्रंथी करते तरी काय, याच्या अभ्यासात त्यांनी पुढची दहा-बारा वर्षे घालविली. १९१२ साली या ग्रंथीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरीराची वाढ, हातापायांचा आणि जबड्याचा आकार यांच्यावर एवढ्याशा ग्रंथीची सत्ता चालते, हे त्यातून जगापुढे आले.

१९१० साली त्यांनी अमेरिकी सेनाधिकारी जनरल लेनर्ड वुड यांच्या मेंदूवरील गाठ काढली. पुढे हे गृहस्थ चार वर्षे अमेरिकी भूदलाचे प्रमुख होते आणि नंतर फिलिपाइन्सचे गव्हर्नर-जनरल झाले. मेंदूवर शस्त्रक्रिया झालेला माणूस एवढी मोठी जबाबदारी पेलू शकतो, हे पाहून लोक थक्क झाले. मात्र ती गाठ पुन्हा वाढली आणि १९२७ साली दुसऱ्यांदा कुशिंग यांनीच केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वुड यांचे निधन झाले. यशापाठोपाठ अपयशही लिहून ठेवायचे, हा कुशिंग यांचा बाणा होता, म्हणून येथे दोन्ही गोष्टी सांगितल्या.

गाठी कोणकोणत्या?

१९१२ साली कुशिंग हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि बोस्टनच्या नव्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयाचे मुख्य शल्यविशारद म्हणून त्यांनी पुढची वीस वर्षे काम केले. त्यांच्या कामाची पद्धत अशी होती. प्रत्येक रुग्णाची संपूर्ण हकीकत लिहायची. शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी आत काय दिसले याचे चित्र स्वतः काढायचे. काढलेली गाठ जपून ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. रुग्ण घरी गेला तरी त्याला सोडायचे नाही, त्याने दरवर्षी आपल्या प्रकृतीचे पत्र पाठवावे असे त्याला सांगून ठेवायचे. अशा रीतीने कोणती गाठ कशी दिसत होती आणि तो रुग्ण किती वर्षे जगला, या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी जमत गेल्या.

आता पालकहो, या गाठींची आपणही थोडक्यात ओळख करून घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे, मेंदू हाडांच्या बंद पेटीत ठेवलेला आहे. पोटात गाठ वाढली तर पोट फुगते, पण कवटी फुगू शकत नाही. म्हणून आत गाठ वाढली की दाब वाढतो. डोके दुखणे, उलट्या होणे आणि दृष्टी मंदावणे ही त्याची लक्षणे होत. याखेरीज गाठ ज्या जागी असेल त्या जागेचे काम बिघडते. एखाद्याचा हात लुळा पडतो, एखाद्याला शब्द आठवेनासे होतात, तर एखाद्याला फेफरे येते.

पहिला प्रकार आवरणाच्या गाठींचा. मेंदूभोवती पातळ आवरणे असतात. त्यांतून निघणाऱ्या गाठीला ‘मेनिंजिओमा’ हे नाव कुशिंग यांनीच १९२२ साली दिले. ही गाठ मेंदूत शिरत नाही, बाहेरून त्याला दाबते. ती बहुधा कॅन्सरची नसते, सावकाश वाढते आणि पूर्ण निघाली तर रुग्ण सहसा बरा होतो. जनरल वुड यांची गाठ याच जातीची होती.

दुसरा प्रकार ऐकण्याच्या मज्जातंतूजवळील गाठीचा. यावर कुशिंग यांनी १९१७ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या गाठीमुळे एका कानाने कमी ऐकू येऊ लागते, कानात आवाज होतो आणि पुढे तोल जातो. हीसुद्धा कॅन्सरची गाठ नव्हे.

तिसरा प्रकार पीयूषिका ग्रंथीच्या गाठींचा. डोळ्यांकडून येणारे तंतू या ग्रंथीच्या अगदी वरून जातात. त्यामुळे गाठ वाढली की दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते आणि माणूस दाराच्या चौकटीला धडकू लागतो. काही रुग्णांचे हात, पाय व जबडा मोठा होतो. काहींचा चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक राहतात आणि रक्तदाब वाढतो. या शेवटच्या विकाराचे वर्णन कुशिंग यांनी १९३२ साली केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

चौथा प्रकार खुद्द मेंदूतून निघणाऱ्या गाठींचा. मेंदूत विचारांचे वहन करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशीही असतात. या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींना ‘ग्लायोमा’ म्हणतात. येथे फार गोंधळ होता. एकाच नावाखाली मोडणारे दोन रुग्ण, एक सहा महिन्यांत जाई आणि दुसरा दहा वर्षे जगे. असे का होते, याचा उलगडा होत नव्हता. कुशिंग यांचे तरुण सहकारी डॉ. पर्सिव्हल बेली यांनी साठविलेल्या शेकडो गाठी पुन्हा बाहेर काढल्या, स्पेनमधील शास्त्रज्ञांनी शोधलेल्या रंगविण्याच्या पद्धतींनी त्या तपासल्या आणि त्यांची डझनाहून अधिक गटांत वर्गवारी केली. मग कोणत्या गटाचे रुग्ण किती जगले हे कुशिंग यांच्या नोंदींशी ताडून पाहिले. १९२६ साली दोघांचा ग्रंथ निघाला. मेंदूच्या गाठींचे आजचे वर्गीकरण त्याच पायावर उभे आहे.

त्यांतली तीन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ‘अॅस्ट्रोसायटोमा’ ही तारकेसारख्या पेशींची गाठ. मुलांच्या लहान मेंदूत होणारी ही गाठ बहुधा पूर्ण काढता येते आणि मूल बरे होते. ‘ग्लायोब्लास्टोमा’ ही मोठ्या माणसांत होणारी अत्यंत झपाट्याने वाढणारी गाठ. कुशिंग यांच्या नोंदींत तिचे रुग्ण सरासरी वर्षभर जगत. खरे सांगायचे तर एवढ्या वर्षांनंतर आजही यात फार मोठा फरक पडलेला नाही. तिसरी ‘मेडुलोब्लास्टोमा’. ही प्रामुख्याने मुलांच्या लहान मेंदूत होते आणि मेंदूभोवतीच्या पाण्यातून पसरते. १९२५ साली बेली व कुशिंग यांनी तिला वेगळे नाव दिले, तेव्हा ती बहुतेक मुलांचा जीव घेत असे. आज शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे तिन्ही उपचार पुरे मिळाले तर निम्म्याहून अधिक मुले वाचतात. तेव्हा पाहा, दोन मुलांची लक्षणे तीच, गाठीची जागाही तीच, परंतु जात वेगळी म्हणून उपचार वेगळा आणि भवितव्यही वेगळे. गाठीचे नाव कळणे म्हणजे उपचाराची वाट कळणे होय.

याखेरीज फुप्फुस, स्तन इत्यादी ठिकाणच्या कॅन्सरच्या पेशी रक्तावाटे मेंदूत येऊन तेथे गाठ करतात. मोठ्या माणसांत अशा गाठी पुष्कळ आढळतात.

निष्ठा आणि दुःख

पहिल्या महायुद्धात कुशिंग यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. मेंदूत घुसलेले लोखंडाचे कपचे ते लोहचुंबकाने बाहेर काढीत. १९१७ साली ज्यांना ते गुरू मानीत त्या ऑस्लर यांचा एकुलता एक मुलगा युद्धात जखमी झाला. त्याच्या मृत्यूच्या वेळी कुशिंग त्याच्याजवळ होते. पुढे त्यांनी ऑस्लर यांचे मोठे चरित्र लिहिले. त्या ग्रंथाला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

तेच १९२६ साल त्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठे दुःख घेऊन आले. त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात ठार झाला. बातमी सकाळी आली. त्या दिवशी एका रुग्णाची शस्त्रक्रिया ठरलेली होती. कुशिंग यांनी पत्नीला कळविले, आवश्यक ती व्यवस्था केली आणि ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. काहींना यात निष्ठुरता दिसेल. पण टेबलावर झोपलेला रुग्णही कोणाचा तरी मुलगा असतो, हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या स्वभावात दोषही होते. ते तापट होते, सहायकांना सर्वांदेखत टाकून बोलत, आणि कामापायी आपल्या पाच मुलांकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. थोर माणसाचे गुण घ्यावेत आणि त्याच्या दोषांपासून सावध व्हावे, यातच वाचकाचे हित आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी डॉ. बोव्ही या पदार्थवैज्ञानिकाच्या मदतीने विजेच्या साहाय्याने रक्तस्राव थांबविणारे साधन प्रथम वापरले. पूर्वी रक्तस्रावाच्या भीतीने अर्धवट सोडलेल्या गाठीही आता काढता येऊ लागल्या. १५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी मेंदूच्या गाठीचा दोन हजारावा रुग्ण हाताळला. शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण शेवटच्या वर्षांत शंभरात दहाच्या आसपास आले होते.

एका मुलीच्या शिक्षणाची गोष्ट

पालकहो, या कथेत आणखी एक नाव आहे. लुईज आयझेनहार्ट ही तरुणी कुशिंग यांच्याकडे लेखनसाहाय्यक म्हणून कामाला लागली. त्यांचे ग्रंथ नीट करता करता तिला या विषयाची एवढी गोडी लागली की तिने नोकरीबरोबर न थांबता वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, डॉक्टर झाली आणि मेंदूच्या गाठी ओळखणारी तज्ज्ञ म्हणून परत आली. कुशिंग यांच्या रुग्णांची नोंदवही तिच्याच हाती होती. १९३८ साली आवरणाच्या गाठींवरील मोठा ग्रंथ दोघांच्या नावे निघाला, आणि १९४४ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेला वाहिलेल्या अमेरिकी नियतकालिकाची पहिली संपादक तीच झाली. आपल्या घरातील मुलगी दहावीनंतर पुढे शिकायचे म्हणते तेव्हा तिला थांबविण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी, एवढीच विनंती.

अखेरचे दिवस

१९३२ साली कुशिंग हार्वर्डमधून निवृत्त झाले आणि पुढल्या वर्षी आपल्या जुन्या येल विद्यापीठात आले. आयुष्यभर त्यांना सिगारेटचे व्यसन होते. त्याची किंमत त्यांना पायांच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या रूपाने मोजावी लागली. जगाला जपणारा डॉक्टर स्वतःला जपू शकला नाही. विद्यार्थी मित्रांनी हेही ध्यानात ठेवावे. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर त्यांच्या शरीराची तपासणी झाली, तेव्हा खुद्द त्यांच्याच मेंदूत पाण्याने भरलेल्या पोकळीत एक छोटी गाठ आढळली. ती निरुपद्रवी जातीची होती आणि तिने त्यांना कधी त्रास दिला नव्हता. गाठ असणे म्हणजे मृत्यू नव्हे, हे जणू त्यांनी जाता जाता स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध केले.

त्यांनी आपला अमोल ग्रंथसंग्रह येलला दिला. बरण्यांत जपलेले मेंदू आणि रुग्णांची छायाचित्रे अनेक वर्षे तळघरात पडून होती. २०१० साली येलने त्यांचे दालन उघडले.

त्यांच्या विद्येचा झरा आपल्या देशापर्यंतही पोहोचला. कुशिंग यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले वाइल्डर पेनफील्ड पुढे कॅनडातील माँट्रियल येथे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली तमिळनाडूतील वेल्लोर येथे भारतातील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. कुशिंग यांना गाठीची जागा मुख्यतः लक्षणे आणि क्ष-किरण चित्रांवरून ताडावी लागे. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा सी.टी. स्कॅनने रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. त्यानंतर एम.आर.आय. आले. २०२१ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर गाठीच्या पेशींतील जनुकेही पाहिली जातात. साधने बदलली, प्रश्न मात्र तोच राहिला : ही गाठ कोणत्या जातीची?

आपण काय करावे?

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. शंभरांतल्या बहुतेकांची डोकेदुखी साधीच असते. परंतु काही लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. दिवसेंदिवस वाढत जाणारी आणि सकाळी उठताच जाणवणारी डोकेदुखी, तिच्यासोबत उलट्या, एक वस्तू दोन दिसणे, मोठ्या वयात प्रथमच आलेले फेफरे, एका कानाने कमी ऐकू येणे, हातपायातली शक्ती कमी होत जाणे, ही ती लक्षणे. चांगले चालणारे मूल अडखळू लागले, मान वाकडी धरू लागले, हुशार मुलाचे अक्षर आणि अभ्यास कारण नसताना बिघडू लागले, तर त्याला आळशी म्हणून मारण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. आम्हा शिक्षकांनीही ही दृष्टी ठेवली पाहिजे. वर्गात मुलाकडे रोज पाहणारे आम्हीच असतो.

ही व्याधी संसर्गजन्य नाही, कोणाच्या पापाचे फळ नाही आणि लाजेची गोष्ट तर मुळीच नाही. दुआ जरूर करावी, पण उपचार सोडून नव्हे. अल्लाहने प्रत्येक रोगाबरोबर त्याचा इलाजही निर्माण केला आहे आणि माणसाने तो शोधावा, ही आपल्या प्रिय पैगंबरांची (स.) शिकवण आहे. डॉक्टरांनी गाठ सांगितली तर घाबरून घरी परत येऊ नका. गाठीचे नाव काय, ती कॅन्सरची आहे की नाही, पूर्ण निघते का, पुढे कोणता उपचार लागेल, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. सर्व कागदपत्रे एका पिशवीत जपून ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, डॉ. कुशिंग यांच्याकडून तुम्ही काय घ्याल? प्रत्येकाला शल्यविशारद होता येणार नाही. परंतु जे पाहिले ते खरेखुरे लिहून ठेवणे, चुकले तेथे ते मान्य करून पुन्हा शोधणे आणि हाती घेतलेल्या माणसाला शेवटपर्यंत न सोडणे, या तीन गोष्टी तर प्रत्येकाला जमण्यासारख्या आहेत. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि प्रामाणिक मन पुरते. आपल्या संस्थेच्या शाळांतून शिकलेल्या एखाद्या मुलाने वा मुलीने उद्या या विद्येत आपले नाव करावे, अशी परवरदिगारकडे प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.